नाव-गाव कापलेली गाणी

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर टर उडवत आलोय. या पेजवरचे अनुभवही वाचतो ते, खरं सांगायचं तर, हसायला. आज स्वतःच लिहायला बसलोय याची लाज वाटतेच, पण खरी लाज वेगळी आहे...

मी ओतूरचा. कॉम्प्युटरवर गाणी नीट लावून ठेवायचा मला नाद आहे. अकरा हजारांच्या वर फाइली, आणि प्रत्येकीला गायक, साल, प्रकार असे टॅग. एक रकाना रिकामा राहिला तरी मला जेवण गोड लागत नाही. गेल्या वर्षी वडिलांच्या म्हणजे तात्यांच्या भजनाच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला काढल्या. मंडळ जमलं की तात्या सगळं टेप करायचे. त्यांचा एक नियम होता – कॅसेटची कव्हरं हरवतात, म्हणून गाणाऱ्याने आधी नाव-गाव सांगायचं, मग पद धरायचं. मला ते बोलणं म्हणजे कचरा वाटला. प्रत्येक गाण्याची सुरुवात मी कापली, बुरशी आलेल्या त्या सगळ्या कॅसेट भंगारात दिल्या, आणि एक्केचाळीस फाइली एकदम सिलेक्ट करून गायकाच्या रकान्यात तात्यांचं नाव टाकून मोकळा झालो.

त्यातली निम्मी पदं रज्जाकचाचांची होती. चाचा जुन्नरचे पिंजारी. गाद्या भरायला गावोगाव फिरायचे, आणि आमच्या मंडळात मुख्य आवाज त्यांचाच. चूक मला दुसऱ्याच दिवशी कळली. पण तोवर गाणी गावाच्या ग्रुपवर गेली होती आणि तात्यांच्या गळ्याचं कौतुक सुरू झालं होतं. मी आपला हात जोडल्याची चित्रं टाकत राहिलो.

मग एका बाजाराच्या दिवशी चाचांची मुलगी शमीम दारात आली. चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली, घरात त्यांचा आवाज कुठेच नाही. कुणाच्या तरी मोबाइलवर तिने एक पद ऐकलं होतं.

"भाऊ, ह्यो आब्बांचा आवाज हाय ना?"

"न्हाई ओ ताई. आमच्या तात्यांचाच."

तिने वाद घातला नाही. आपलीच ऐकण्यात चूक झाली असेल म्हणाली, आणि चपला घालून निघाली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्याच दुपारी, तीनच्या सुमारास, मी ते पद लावलं. मनाची समजूत घालायला म्हणा. स्क्रीनवरचा वेळेचा काउंटर शून्यावरच थांबलेला, आणि स्पीकरमधून आवाज आला – "रज्जाक पिंजारी, जुन्नर." मग पेटी वाजली, मग काउंटर सरकायला लागला. भास म्हणून सोडून दिलं असतं... पण स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "जुन्नरचं कोण आलंय? च्या टाकू का?"

मी फाइल तपासली. लांबी तीच, तारीख तीच. पुन्हा लावलं तर थेट पेटीपासून सुरू. त्यानंतर शंभरदा लावलं असेल, ते शब्द परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी टॅग दुरुस्त केले आणि चाचांची सगळी पदं पेनड्राइव्हवर घेऊन जुन्नरला गेलो. माझी गफलत झाली, एवढंच शमीमताईला सांगितलं. तिने टीव्हीला लावून पहिलं पद ऐकलं, तोंडाला ओढणी लावून. ते संपल्यावर तिने टीव्ही बंद केला.

"आब्बा आदी नाव-गाव सांगायचे," ती म्हणाली. "घरी गुणगुणताना सुदिक सांगायचे, आमी हसायचो. ते न्हाई व्हय ह्यात?"

"टेप खराब झाली व्हती."

"आसू द्या. तुमी एवढं जपलं, लई झालं."

तिने केलेला चहा मी प्यालो. मान वर करून तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

कापून टाकलेला आवाज त्या दुपारी कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. बायकोकडेही नाही. तो कुणी कापला, हे मात्र मला ठाऊक आहे. शमीमताईला अजून नाही.