हौदात थांबवलेला रस

पीएच.डी.चं तिसरं वर्ष होतं आणि गाईड रोज डोकं खात होते. विषय, उसाच्या रसातलं एक एन्झाइम. ऊस पिळला की ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि रस काळवंडतो. उकळलं की त्याचं काम बंद. ते किती वेळात किती रस काळा करतं, एवढंच मला मोजायचं होतं. प्रयोगशाळेतल्या बाटलीत आकडे काही केल्या जुळेनात. मग मंगळवार पेठेतनं निघून मी सकाळच्या एसटीनं कागलजवळच्या एका गुऱ्हाळावर जायला लागले.

तिथला गुळव्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या काहिलीपुढं उभा राहून गूळ तयार करणारा कारागीर, साठीचा होता. रस निघाला की हौदात थांबू द्यायचा नाही, लगेच काहिलीत. मी म्हटलं, "मामा, आज अर्धा तास थांबवा की. दर पाच मिनिटांनी नमुना घेते."

"ताई, बादलीभर घ्या आनि काय मोजायचं ते मोजा. हौद नको. रंग जातोय."

"बादलीत नाही हो जमत!" खरं तर जमवता आलं असतं. हट्ट माझाच. शिकलेली बाई सांगतेय म्हणून त्यानं मान डोलावली. अर्ध्याचा पाऊण तास झाला. आकडे असले झकास येत होते की माझा पाय निघेना.

गुळाचे रवे, म्हणजे ढेपी, काळे निघाले. दुपारी मालक आला आणि बघून भडकलाच. "रस कुणी थांबवला? हात गेला तुझा, म्हाताऱ्या! उद्यापास्नं येऊ नगंस."

गुळव्यानं माझ्याकडं बघितलं. 'मी थांबवला', एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण मग गुऱ्हाळाचं दार मला बंद झालं असतं, वर्ष वाया गेलं असतं. मी खाली वाकून बर्फाच्या डब्यात बाटल्या लावत बसले. लिहितानाही लाज वाटते. त्याला पुन्हा कुणी काहिलीपुढं उभं केलं नाही, हे मला नंतर कळलं. प्रबंधात त्या दिवशीच्या आकड्यांचाच आलेख सगळ्यांना आवडला.

काही वर्षांनी मुरगूडच्या बाजारात तो दिसला, कुणाच्या तरी दुकानापुढं पोती राखत बसलेला. मला बघून उठला. "ताई, ते मोजायचं झालं का पुरं?"

"झालं. मामा, त्या दिवशी चूक माझी होती. तुमची नव्हती."

"मला म्हाईत हाय की," तो म्हणाला. "मला काय सांगताय? त्यावेळी मालकाला सांगायचं हुतं."