अकरा वेळा ‘हे’

तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. नगरच्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसून निवृत्त झालेली, वर घरबसल्या पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलेली; म्हणजे अंगात किती वारं भरलं असेल बघा. आज सहासष्टाव्या वर्षी त्या बाईचा कान उपटावासा वाटतो.

आमचे हे गेले, त्या वर्षी मी दर महिन्याला त्यांचा आवाज रेकॉर्ड केला होता. घोडेगावच्या बाजारात बैलाचं तोंड उघडून वय सांगणारा माणूस. ती विद्या घरात राहावी म्हणून. चैत्र ते माघ असे अकरा फोल्डर, प्रत्येकात एक फाईल. तिला नाव काय द्यायचं? नवऱ्याचं नाव मी उखाण्याबाहेर उभ्या जन्मात घेतलं नाही, ते की-बोर्डवर कसं घेणार? अकराही फायलींचं नाव ठेवलं ‘हे’.

ते गेल्यावर लॅपटॉप भरत आला, तेव्हा या बाईने बेलापूरच्या घरी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. त्यासाठी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली लायब्ररी तयारच असते: झिप नावाचं गाठोडं उघडायचं, फायली एकेक करून आत टाकायच्या, ती त्यांना दाबून लहान करते. आत फोल्डरची लांबण नको म्हणून मी नुसतं फाईलचं नाव जाऊ दिलं. शेवटच्या ओळीत मूळ फायली पुसायची सोयही केली. हुशारच ना! स्क्रिप्ट चालताना इशारा उमटला, की हे नाव आत आधीच आहे. म्हटलं असू दे, आमच्या पिढीत सगळ्यांचे ‘हे’च असतात.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दुपारी, उद्या सगळ्यांना ऐकवावं म्हणून, मी झिपमधून ‘हे’ अकरा वेळा मागवून अकरा फोल्डरांत ठेवलं. घरात मी एकटी. चैत्र उघडला.

खोकल्याची उबळ. मग त्यांचा आवाज, “बंद केलं का गं?” आणि माझा, ठसक्यात, “केलं की!” पुढे चार मिनिटं नुसता श्वास.

हे तर माघातलं. ते जायच्या दोन दिवस आधीचं. बंद केलंच नव्हतं मी, आणि सांगितलं मात्र बेधडक. चुकून इकडे आलं असेल म्हणून वैशाख उघडला. खोकला. “बंद केलं का गं?” ज्येष्ठ उघडला. “बंद केलं का गं?” आषाढात त्यांनी विचारायच्या आत माझ्याच तोंडून मोठ्यानं निघालं, “केलं हो!” रिकाम्या घरात तो आवाज मलाच परका वाटला. श्रावण उघडायला हात धजेना. दहा महिन्यांचा माणूस मी स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता.

नगरला एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या सुनेला फोन लावला.

“आई, झिपचा आकार किती दिसतोय?”

सांगितला. “एका फायलीचा एवढा नसतो. अकराही आतच आहेत.”

“मग बाहेर का येत नाहीत?”

“तुम्ही ‘हे’ म्हणून हाक मारताय. त्या नावाला शेवटचाच उठतो. बाकीचे आत बसून आहेत.” मग म्हणाली, “एकदा बाबांचं नाव लिहिलं असतं तर काय पाप लागणार होतं?”

“नवऱ्याला अरेतुरे करणारी तू, तुला काय कळणार!”

“म्हणून माझ्या फायली सापडतात, आई. नावानं मागू नका. यादीतल्या क्रमानं काढा, आणि बाहेर येताना प्रत्येकाला वेगळं नाव द्या.”

झिपमधली यादी पडद्यावर छापली. हे, हे, हे… एकाखाली एक, अकरा वेळा. आकार तेवढे वेगळे. एकाच चेहऱ्याची अकरा माणसं ओळीनं बसून माझ्याकडे बघतायत असं वाटलं. पहिल्याला बाहेर काढलं, ‘चैत्र’ असं नाव दिलं आणि डोळे मिटून ऐकू लागले. खोकल्याचीच वाट बघत होते.

बैलाचा फुरफुराट ऐकू आला.

“जवळ ये. भ्यायचं न्हाई,” ते म्हणाले. “ओठ वर कर. चार दाती हाय, बघ. आता जबडा धर. घट्ट.”

डोळे उघडले तेव्हा टेबलाची कड मी बोटं पांढरी पडेपर्यंत धरली होती, आणि हाताखालचं लाकूड कोमट होतं, ओलसर.