शहाडची सफरचंदं

उलटा पंजा हवेत ढकलायचा आणि म्हणायचं, "सरका जरा, जागा होते." काकांना एसटीच्या खोपट डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी त्यांचा हा हात काही निवृत्त झाला नव्हता. लिफ्टमध्ये, सत्यनारायणाच्या प्रसादाला, एकदा तर दवाखान्याच्या बाकावरही त्यांनी तो चालवला. नोकरी सुटली तरी ती घरी घेऊन येणारा असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

शहाडच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहत. मुलाने कुलूकडच्या एका खेड्यातली मुलगी केली. पहिल्या माहेरपणाहून परतताना सूनबाईने ओल्या गोणपाटात गुंडाळून सफरचंदाची दोन कलमं आणली. गरम हवेत तग धरणारी जात तिच्या वडिलांनी मुद्दाम शोधून दिली होती. सासऱ्यांनी ती खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेत लावली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. टेप लावून मोजलं. दोन कलमं म्हणजे बरोबर एका गाडीची जागा. आणि गाडीच्या जागेसाठी दुसऱ्या मजल्यावरचे महाडिक कधीचे रांगेत होते.

तीन वर्षांत झाडं माणसापेक्षा उंच झाली. फळ सोडा, फूलही नाही. गणपतीनंतरच्या सभेत महाडिक उभे राहिले.

"सफरचंद थंडीतलं फळ. आपल्याकडची थंडी म्हणजे पंखा दोनवर!"

सगळे हसले. मला हिशेब पटला. पुढच्या सभेपर्यंत फळ आलं नाही तर झाडं काढायची, असा ठराव झाला.

संध्याकाळी काका माझ्या दारात आले. "सेक्रेटरी, पोरगी सकाळी चहा घेऊन त्या खिडकीत उभी राहते. झाडं गेली तर तिला समोर महाडिकांची डिकी दिसणार. एवढ्या लांबून आलीय हो." त्या दिवशी त्यांचा हात खिशातच होता.

झाडाला थंडी पाहिजे ना? मग आणू या थंडी, असं त्यांनी ठरवलं. कल्याणच्या मासळी बाजारातून ओळखीच्या मावशींकडून उरलेला बर्फ यायला लागला आणि बायका बादल्या भरभरून तो मुळांशी ओतू लागल्या. झाडांना काय वाटलं कोण जाणे, पण बांगड्याच्या वासाने आसपासची यच्चयावत मांजरं आळ्यात येऊन बसली.

"बाबा, ये तो बिल्लियों का पेड़ हो गया!" सूनबाई खिडकीतून ओरडली. अख्खी सोसायटी हसली, काका सर्वांत जास्त.

शेवटी तिने वडिलांना फोन लावला. स्पीकरवर व्याह्यांनी आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाले, "समधीजी, बर्फ छोड़ो. आपके पेड़ को पता ही नहीं कि सोना कब है. सारे पत्ते उतार दो, वो समझेगा सर्दी आ गई."

डिसेंबरातल्या एका रविवारी सगळे खाली जमले. जोशीकाकूंना ते बघवेना. "अहो, चांगलं हिरवंगार झाड, आणि ओरबाडायचं?"

"ओरबाडत नाही काकू, झोपवतोय. सरका जरा, जागा होते."

मेथी निवडून निवडून तयार झालेले बायकांचे हात ते. वर्तमानपत्रं अंथरली गेली, गप्पा सुरू झाल्या. "कोंबाचा डोळा तुटायला नको हां, फक्त पान," असं बजावत सूनबाई फिरत होती. महाडिक गॅलरीतून बघत होते. थोड्या वेळाने स्टूल घेऊन उतरले.

"वर तुमचा कुणाचा हात पोचणार नाही. आणि नाहीतरी पुढे काढायचीच आहेत, तेवढंच काम कमी," म्हणाले आणि शेंड्याची पानं खुडू लागले.

महिन्या-दीड महिन्यात उघड्या फांद्यांवर गुलाबी-पांढरी फुलं आली. मे अखेरीस बोटांवर मोजण्याइतकी, लिंबापेक्षा जरा मोठी सफरचंदं हातात आली. काकांनी कागदासारख्या पातळ फोडी करून घरटी एक वाटली. सूनबाईने फोड तोंडात टाकली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "गावाला असलं सफरचंद आम्ही गायीला घालतो."

तिने ताटातली दुसरी फोड उचलली, मग तिसरी.

"मग माझी फोडपण गायीलाच द्या," ते म्हणाले आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या स्कूटर एकेक करून सरकवल्या, बंद पडलेल्या दोन सायकली जिन्याखाली टाकल्या, आणि भिंत व झाडं यांच्यामध्ये महाडिकांची गाडी बसवली. उजवीकडचं दार तेवढं झाडामुळे उघडेना. महाडिक गिअरवरून पोट सावरत डावीकडून उतरले. "ही काय जागा झाली का हो?" पण गाडी तिथेच राहिली.

श्रावणात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

गणपतीनंतर सभा झाली. नव्याने राहायला आलेल्या एकाने विचारलं, "ते काका तर आता नाहीत. मग त्या झाडांचं काय करायचं?"

महाडिक बसल्या जागेवरून म्हणाले, "काही करायचं नाही. मी डावीकडून उतरतो. सवय झालीय."

डिसेंबरात मी खाली गेलो, तर पाय ठेवायला जागा नव्हती. महाडिक स्टुलावर, काकू वर्तमानपत्रावर, गाडीच्या टपावर पानांचा ढीग. मी कडेला घुटमळत उभा राहिलो. सूनबाई पानं खुडत होती. तिने मान वर केली नाही. फक्त उलटा पंजा हवेत ढकलला. बायका सरकल्या. मी बसलो.