गळ्यातली चकती

लग्नाच्या मांडवामागे पाच बायका बुंदीचे लाडू वळत होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. एवढी स्वच्छता पाहून मला बरं वाटलं आणि तसं मी आचाऱ्याला म्हणालो.

तो हसला. "स्वच्छता कसली, सर? तोंड उघडं राहिलं की हात तिकडंच जातो."

प्राचीन ग्रीसमध्ये पीठ मळणाऱ्या गुलामाचा हात तोंडापर्यंत पोचू नये म्हणून त्याच्या गळ्यात चाकासारखी रुंद चकती अडकवत, असं बी.ए.ला वाचलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. सरांनी दिलेलं सगळं मी कृतज्ञतेनं पाठ केलं, त्यात हेही केलं आणि चांगले गुण मिळवले. चकती करण्याआधी कुणीतरी त्या भुकेल्या माणसाला हात लांब करायला सांगून माप घेतलं असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

"दादा," कडेची बाई फडक्याआडून म्हणाली, "हा फुटलाय. पोरीला नेऊ का? सकाळपासून उपाशी आहे."

"फुटला तर परत वळायचा, मावशी," आचारी गोडीनं म्हणाला.

तिनं तो परत वळला आणि नीट गोल झालाय ना, ते फिरवून पाहिलं.