आबांच्या टाचेचा फोटो

मला कॅन्सर झाला होता आणि तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला गेला.

कानाजवळ काळा डाग दिसला, मोबाईलवर त्वचेच्या कॅन्सरबद्दल वाचलं आणि माझं जेवण सुटलं (दुसऱ्या भाकरीनंतर). बायको म्हणाली, "आवं, साताऱ्याला दाखवून या की! घरात हे सुतक कशाला?"

सोबतीला वडील निघाले. आबा फौजेतले निवृत्त सुभेदार. उंब्रजला एसटीत बसल्यापासून एकच पालुपद, "डागाला भितूस व्हय रं?"

साताऱ्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी डागावर बोळा फिरवला. बोळा काळा, कान गोरा! "केस कधी रंगवलेत?"

आबा एवढे हसले, एवढे हसले, की हसता हसता त्यांनी जमिनीवर पाय आपटला. "आई गं!"

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई. जुना काटा हाय टाचंत."

"बूट काढा."

सुभेदारांना कुणी हुकूम सोडतंय हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि त्यांनी तो पाळला!

टाचेवर काळपट डाग. बाईंनी त्यावर भिंगाचा कॅमेरा टेकवला आणि पडद्यावर जे उमटलं ते बघून मी आ वासला. कातडीवर ओळीनं सऱ्या आणि वरंबे! थेट उसाचं रान!

"ही माझी टाच?" आबा पुढं सरकले. "लय भारी की!"

तेवढ्यात संगणकानं डागाभोवती लाल रेघ ओढली.

"रंग सरीत असता तर बहुतेक काळजी नसती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हा वरंब्यावर आहे. यंत्राला संशय आलाय, मलाही. पण नक्की काय ते तुकडा तपासूनच कळेल."

दर दसऱ्याला मी ज्या पायांवर डोकं टेकवलं, त्यांच्या तळव्याला काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं. त्या डबड्यानं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत हेरलं. मी पडद्याला हात जोडायचेच बाकी होते.

परतताना आबा म्हणाले, "बायकोला तुझ्या सांगू नगंस इतक्यात. रडंल."

तपासणीत कॅन्सरच निघाला. ऑपरेशन झालं. मग शेवटचा रिपोर्ट आला आणि बाई हसून म्हणाल्या, "वरच्यावरच होता. सगळा निघाला!"

ते ऐकून मी आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा मी व्हीलचेअरमध्ये होतो, आणि पायाला बँडेज बांधलेले आबा ती लंगडत ढकलत ओरडत होते, "सरका, सरका! पेशंट हाय!"