साहेबाची न्हाणी आणि आमची काहील

लढाई संपून दुसरी दिवाळी आली तरी सरकारनं आमची काहील परत केली नव्हती. गिरणाकाठच्या आमच्या गावात गूळ करायची ती एकच काहील, सात घरांच्या वाट्याची. एवढी मोठी, की रसाला एका काठाशी कढ आला तर दुसऱ्या काठाला ती बातमी दुपारी पोचायची. ज्याचं गुऱ्हाळ लागेल त्यानं ती न्यायची आणि परत करताना तिच्यात गुळाची पहिली ढेप ठेवायची, असा रिवाज.

लढाईत सरकारचे लोक लोखंड मागत फिरले, तेव्हा माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, बाकीच्या सहा घरांना न विचारता ती देऊन टाकली. मामलेदारानं भर चावडीत बसायला खुर्ची दिली आणि नाना विरघळले. काहील घासली, कुंकू लावलं, गाडीवर चढवली. सरकारही शेजाऱ्यासारखं नेतं आणि आणून देतं, ही त्यांची समजूत. सहा घरांनी त्या दिवसापासून नानांच्या ओट्यावर बसणं सोडलं. जुनी येईल या आशेवर नवी कुणी घेतली नाही, ऊस तीन हंगाम बैलांनी खाल्ला. बैल इतके गोड झाले, की त्यांना मुंग्या लागायच्या.

मग मुंबईकडे समुद्राकाठच्या टेकडीवर तोफखाना बांधायला गेलेला गावातला एक गडी सांगत आला, की काहील तिथे आहे. तुटलेली एक कडी लोहारानं वाकडी बसवली होती, तिच्यावरून त्यानं ओळखली. नानांनी धोतर बदललं आणि आम्ही दोघांनी चाळीसगावला गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टेकडीवर पोचलो. तोफखाना सोडून दिलेला. तोफ काढून नेलेली, चौथऱ्यावर शेळ्या बसलेल्या. राखणदार म्हातारा म्हणाला, शत्रू आलाच नाही, एक गोळासुद्धा उडाला नाही. म्हणजे समुद्राला दमदाटी करायला एवढा खर्च! नाना ऐकत नव्हते. ते एकेका कोठडीत वाकून बघत होते.

मागच्या कोठडीत ती सापडली. जमिनीत सिमेंटनं पक्की बसवलेली, बुडाला वीतभर भोक पाडून नळी जोडलेली. साहेबांची न्हाणी. आमच्या बायका आंघोळ केल्याशिवाय जिला हात लावत नसत, तिच्यात हे गोरे ढुंगण बुडवून बसत होते! तिची बंदूक केली असती तर मी गप्प बसलो असतो, आईशपथ.

नानांनी वाकडी कडी चाचपली आणि राखणदाराला म्हणाले, "आपली शे ती. काढी दे."

तो म्हणाला, सरकारी माल आहे, अर्ज करा. नानांना वाटलं, परत करताना ढेप द्यावी लागेल म्हणून बिचारा घाबरतो. त्यांनी त्याला सगळा रिवाज शांतपणे समजावला आणि शेवटी म्हणाले, "ढेप नको, भाऊ. निस्ती काहील दे."

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. माझं डोकं फिरलं. दगड उचलला आणि काठाचं सिमेंट ठोकत सुटलो. चौथऱ्याचं सिमेंट नखानं निघत होतं, न्हाणीचं मात्र लंकेच्या तटासारखं. हात सोलले, दगडाचे दोन तुकडे झाले. नाना बुडाच्या भोकात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. राखणदारानं आम्हाला पाणी पाजलं आणि बाहेर काढलं.

परत आल्यावर सहाही घरांची माणसं चावडीवर जमली. नाना मागे खांबाआड बसले, म्हणून मीच बोललो. एका साहेबाचे चाळीस केले, त्यांना साबण चोळला, इंग्लंडच्या राजालाही त्या काहिलीत बसवलं. शिव्या अशा दिल्या, की पिंपळावरचे कावळे उडाले. लोक तापतील, आमच्या बाजूनं उठतील, असं वाटलं होतं. कुणी हललं नाही. शेजारच्या घरातल्या अक्का तेवढ्या बोलल्या.

"साहेब तिन्हामा न्हायना, समजलं. पण ती साहेबले दिन्ही कोणी?"

तिथून घरापर्यंत मी नानांना मागे टाकून चाललो. साहेबावरचा सगळा राग वळून त्यांच्यावरच आला होता, आणि तो मला आवरेना.

पंधरा दिवसांत गावात वर्गणी निघाली आणि धुळ्याहून नवी काहील आली. वर्गणी मागायला आमच्या दारी कुणी आलं नाही.