अल्लीपूरचा कंदील अजून आमचाच!

मंडळी, हे आजच सांगायचंय, उद्यापर्यंत दम निघणार नाही!

यंदाचा नाताळ आम्हा दोघांचाच. मुलं पुण्यात. प्रार्थना झाली, केक कापला आणि अकरा वाजता सण संपलासुद्धा! मी यांना म्हटलं, "चला, अल्लीपूरला जाऊ." वर्ध्याहून असं कितीसं लांब? तरी चाळीस वर्षांत गेले नव्हते.

सत्तरच्या दशकात बाबा तिथे शिक्षक होते. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. शेजारचे काका दिवाळीला बांबूच्या कामट्यांचा चांदणीसारखा आकाशकंदील करायचे. दिवाळी झाली की तोच नाताळला आमच्या दारात लागायचा आणि पुढच्या दिवाळीआधी आम्ही तो परत द्यायचो. मग एका दिवाळीतच बाबांची बदली झाली, आणि कंदील त्यांच्याकडेच राहिला.

आज काकू ओसरीवरच बसल्या होत्या. काका आता नाहीत. मी नाव सांगितलं, तर कौतुक राहिलं बाजूला, त्या रागावल्याच!

"काऊन वं, कंदील न्यायले आता आली का?"

सुनेने तो आतून आणला. सांगाडा काकांच्या हातचा, कागद यंदाच्या दिवाळीचा. मी तिथेच रडले आणि हसलेही.

आत्ता तो आमच्या गॅलरीत झळकतोय! तुमच्याकडे होती का अशी दोन घरांत मिळून एक वस्तू? सांगा ना.

मला मात्र पुन्हा जावंच लागणार. निघताना काकूंनी बजावलंय, "दिवाळीच्या आधी वापस आणून देजो. आमच्या दाराले दुसरा नाई."